दादाची मुदतवाढ

४ मे

दादा,

साष्टांग नमस्कार घातला असं समज, कंबर धरली आहे. काल तुझा शेवटचा पेपर झाला. मी ही बातमी शेजारच्या शिवणकाकूंना सांगायला निघाले, तर आई म्हणाली, "राहू दे गं, कशाला गावभर करायचं?" एरवी तुला शिंक आली तरी तिला गावभर करायची असते. म्हातारपण आलं म्हणायचं.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू मला बोलण्यात गुंडाळतोस. आधी माझीच चौकशी करतोस, मग एखादा विनोद करतोस, आणि फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात येतं की मुख्य गोष्ट राहिलीच. कागद मध्ये बोलत नाही, हे त्याचं बरं आहे.

तर मुख्य गोष्ट. बाबा गेले त्या वर्षी आपण दोघं स्वयंपाकघरात बसून जे ठरवलं होतं ते तुला आठवत असेलच, तरी माझ्या समाधानासाठी पुन्हा लिहिते. दोघांच्याही डोक्यावर पहिल्या पदवीचं कर्ज. जो पुढचं शिक्षण घेत असेल त्याचे हप्ते बँक तेवढ्या काळापुरते थांबवते. दोघंही एकदम शिकायला गेलो असतो तर दोघांचेही थांबले असते, पण घरमालक काही भाडं थांबवणार नव्हता आणि आईचे गुडघे तर कोणाचंच ऐकत नाहीत. म्हणून एकाने शिकायचं आणि एकाने कमवायचं. तू मोठा, म्हणून तुझा नंबर पहिला. तुझं संपलं की तू घरी येऊन घर चालवायचं आणि मी जायचं.

गेल्या वर्षीच मी जायची होते. माझी जागा लागली होती. पण तुझा प्रबंध रेंगाळला, पेपर मागे राहिले, तू "एकच वर्ष" म्हणालास, आणि मी विद्यापीठाला विनवण्या करून जागा वर्षभर राखून घेतली. ही सवलत एकदाच मिळते असं त्यांनी तेव्हाच बजावलंय. या तीस जूनपर्यंत होकार कळवला नाही, तर जागा दुसऱ्या कोणाला तरी जाईल आणि मला पुन्हा परीक्षेपासून सुरुवात. तेव्हा जूनच्या मध्यापर्यंत ये. नोकरी काय, सुरुवातीला कसलीही चालेल. शाळेत शिकव, शिकवणीला जा. इतिहासवाल्यांना कोण विचारतं म्हणून रडत बसू नकोस, ते तू प्रवेश घेण्याआधीच मी सांगितलं होतं.

दवाखान्यात आज एक बाई तान्हं बाळ घेऊन आली होती. बाळाला ऐकू येतं की नाही याची तिला शंका होती. मला ती तपासणी करायची परवानगी नाही, त्यासाठी पुढची पदवी लागते. आमच्या मॅडम रजेवर होत्या, म्हणून त्या बाईला पुढच्या आठवड्यात यायला सांगावं लागलं. आठवडाभर ती घरी ताटल्या वाजवून बघत बसेल. आणखी दोन वर्षांनी मी असं कोणाला परत पाठवणार नाही, एवढंच मला या शिक्षणातून हवंय.

तुझी फौजदार
(नाव तूच ठेवलंस, आता भोग)

१९ मे

दादा,

माझ्या दोन पानांवर तुझं उत्तर आलं, "बघू गं." इतिहासात एवढ्या थोडक्यात कोणी तह केल्याचं मला तरी माहीत नाही. काय बघायचंय ते तरी लिही.

आईचं काहीतरी बिनसलंय. परवा मी कपाटातली तुझीच जुनी बॅग माझ्यासाठी खाली काढली, तर ती म्हणाली, "एवढ्यात कशाला धूळ उडवतेस?" काल म्हणाली, "मॅडमना राजीनाम्याचं बोलली नाहीस ना अजून?" मी नाही म्हटल्यावर तिने असा श्वास सोडला की जणू दुधाला उतू जाता जाता आवरलं. मी जाणार म्हणून तिला वाईट वाटत असेल असं मी धरून चाललेय. मला बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू. माझ्या जाण्याचं कोणाला वाईट वाटेल, हा अनुभव मला नवीन आहे.

इथे कामाचा नुसता धुरळा आहे. तू एकदा विचारलं होतंस की मी दिवसभर नेमकं काय करते, आणि मी सांगायला लागल्यावर तुला जांभई आली होती. आता कागदावर ऐक. आमच्याकडे एक लहानशी खोली आहे, भिंतींना जाड फोम, दार लावलं की बाहेरचं आत येत नाही आणि आतलं बाहेर जात नाही. माणसाला तिथे बसवायचं, कानांवर हेडफोन लावायचे, आणि आवाज आला की हात वर करायला सांगायचं. मी काचेच्या या बाजूला बसून बटण दाबते. आता गंमत अशी की ऐकू कमी येतं हे कोणालाच कबूल करायचं नसतं. निवृत्त मास्तर तर फार चतुर. माझा खांदा हलला की हात वर, माझी मान खाली गेली की हात वर. म्हणून आम्ही मध्येच काहीही न वाजवता नुसतं थांबतो. खरं ऐकणारा माणूस शांत बसतो. अंदाजाने चाललेल्याला ती शांतता सोसत नाही, तो हात वर करतो. मग मी कागदावर एक बारीक खूण करते आणि हसू दाबते.

नोकरीचं काही कळलं का?

फौजदार

६ जून

दादा,

काल मी फोन केला तो भांडायला नव्हता. तुझ्या पलंगाची एक फळी मोडलीय, सुतार समोर उभा होता, नवी टाकू का एवढंच विचारायचं होतं. "कधी येतोयस?" म्हटलं. तू म्हणालास, "पलंगाची एवढी घाई नाहीये." मी गप्प राहिले. खरं सांगते, मुद्दाम नाही. सुतार कानामागची पेन्सिल शोधत होता आणि ती त्याच्या तोंडात होती, मी तिकडे बघत होते.

तेवढ्यात तू म्हणालास, "आईनं सांगितलं वाटतं."

मग मात्र मी मुद्दाम गप्प राहिले. रोजची सवय आहे. आणि तू बोलत सुटलास. "हे बघ, मी जून संपला की सांगणारच होतो. चिडू नकोस. दोनच वर्षांचा कोर्स आहे."

मी काहीही वाजवलं नव्हतं, दादा. तू आपणहून हात वर केलास.

ग्रंथालयशास्त्र. म्हणजे पुस्तकं वाचून झाली, आता ती रचायला शिकणार. प्रवेश जानेवारीतच घेतलास, तिथेच, वसतिगृहातली खोलीसुद्धा तीच. तुला त्या विषयाची आवड आहे का म्हणून मी विचारलं, तेव्हा तू म्हणालास, "आवडीचं काय, शिकतोय तोवर बँकवाले हात लावत नाहीत." हे तू इतक्या सहज म्हणालास की मला हसूच आलं. पावसात अडकलेला माणूस एका दुकानाच्या छपराखालून दुसऱ्याच्या छपराखाली पळतो, तसं तू एका वर्गातून दुसऱ्या वर्गात पळतोयस. घरी यायचा रस्ता त्यात कुठे येतच नाही.

सुतार म्हणाला, "ताई, मग फळी टाकू का?" मी नको म्हटलं. आल्याबद्दल काहीतरी घ्या म्हटलं तर त्याने माझ्या तोंडाकडे बघून पैसे घेतले नाहीत.

आई आतून सगळं ऐकत होती. मी जाऊन समोर उभी राहिले.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"थंडीपासून."

"आणि मला कधी सांगणार होतात?"

ती टेबल पुसत होती. पुसलेलंच पुन्हा पुसत होती. म्हणाली, "तुझी तारीख होऊन गेली की. आधी सांगितलं असतं तर तुझ्या जिवाला उगाच घोर. एकदा होऊन गेलं की माणूस आपोआप समजून घेतं."

"ही कल्पना कोणाची?"

"दोघांचीच म्हण. अगं, तो नाजूक आहे. त्याला झेपत नाही. तुझं काय, तू निभावून नेतेस."

हे वाक्य मी काल दुपारपासून चघळतेय. तू निभावून नेतेस. लहानपणापासून ही माझी स्तुती म्हणून सांगितली जायची आणि मीही येडी, फुगून बसायचे. ओझं वाहणाऱ्या जनावरालाही कोणी कधी लंगडं आहेस का विचारत नाही, चाललंय ना, मग झालं.

कोर्स घेतलास याचा राग आला, तो ओसरेलही. पण तुम्ही दोघांनी मिळून माझ्यासाठी तारीख ठरवलीत. मी कपाटातली बॅग काढत होते, शिवणकाकूंकडून तिची चेन बदलून घेत होते, आणि तुम्ही दोघं तीस जून उलटायची वाट बघत होतात. मीही तीस जूनचीच वाट बघत होते. आई आणि मी तर एकाच घरात, एकाच कॅलेंडरखाली. शिवणकाकूंनासुद्धा माहीत होतं म्हणे. त्यांनी चेन बदलून दिली तेव्हा पैसे घ्यायला का नको म्हणत होत्या ते आता कळलं.

यावर विनोद करू नकोस.

१७ जून

दादा,

चार पानं लिहिलीस. पदवी मिळवतानाही एवढं लिहिलं नसशील. नीट वाचली, दोनदा वाचली.

तू लिहितोस, "तुझे निम्म्याहून जास्त हप्ते फिटलेत, आता कशाला पुन्हा कर्जाच्या फेऱ्यात पडतेस." फिटले नाहीत रे, मी फेडले. तुझे थांबले होते त्या काळात माझे चालू होते, म्हणून ते कमी झाले. मी फेडले म्हणून मी थांबू शकते आणि तू थांबवलेस म्हणून तुला पुढे जायलाच हवं, असा हा न्याय आहे. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्याला, पण तू चोर नाहीस, हेच तर अवघड आहे. चोर असतास तर मी दार लावून घेतलं असतं आणि मोकळी झाले असते.

आणि एक सांगते, फौजदार म्हणून नाही, बहीण म्हणून. थांबतो तो हप्ता, व्याज थांबत नाही. तू वर्गात बसलेला असतोस तेव्हा ते बाहेर उभं राहून वाढत असतं. दोन वर्षांनी तू ग्रंथपाल होशील आणि आत्तापेक्षा मोठं कर्ज दारात उभं असेल. मग काय करशील, पुरातत्त्व? त्यानंतर पत्रकारिता? केस पांढरे होईपर्यंत विद्यार्थी सवलतीचा पास काढशील? मला वाटतं तुला कर्जाची एवढी भीती नाही. शिकणारा मुलगा म्हणून तुला सगळीकडे माफी आहे. आईकडे, माझ्याकडे, स्वतःकडेही. शिक्षण संपलं की तू एक साधा नोकरी शोधणारा माणूस होशील, आणि त्या माणसाला तू अजून भेटलेला नाहीस. मला कीव येत नाही असं नाही. पण तुझ्या भीतीचं भाडं मी किती वर्षं भरायचं?

तू म्हणतोस, विद्यापीठाकडे आणखी एक वर्ष मागून बघ, विचारायला काय जातं. विचारलं. तुझं पत्र यायच्या आधीच, लाज गिळून विचारलं. तिथल्या बाई भल्या होत्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की तुमच्या मागे एक मुलगी प्रतीक्षेत आहे, तिच्याही घरी काही अडचणी असतीलच.

आई माझ्याशी कामापुरतं बोलते. मी गेले तर ती एकटी पडेल आणि ते पाप माझ्या माथी, असं तिच्या हालचालींतून मला रोज ऐकू येतं. भांडी जास्त जोरात ठेवते. मॅडम म्हणाल्या, राजीनामा लिहिलास तरी शेवटच्या दिवशी सही कर, मी थांबते. त्यांनी विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. मी हो म्हटलं आणि आवाजाच्या खोलीत गेले, दार लावलं, आणि मनसोक्त रडले. त्या खोलीतून बाहेर काही जात नाही, हे मी रोज लोकांना अभिमानाने सांगत असते. बाहेर आले तर रांगेतली एक आजी म्हणाली, "पोरी, आत फार गरम होतं का?"

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते. तू जानेवारीत मला फोन करून म्हणाला असतास की मला भीती वाटतेय, मला अजून थोडं लपू दे, तू थांबशील का, तर मी थांबले असते. चिडले असते, चार दिवस बोलले नसते, आणि थांबले असते. तुला हे पक्कं माहीत होतं. आईलाही माहीत होतं. मग विचारलं का नाहीत, याचाच मी दहा दिवस विचार करतेय, आणि मला एकच उत्तर सापडतं. मागितलं असतं तर ते मी दिलेलं देणं झालं असतं, आणि तुला ते आयुष्यभर लक्षात ठेवावं लागलं असतं. न विचारता घेतलं की ती वहिवाट होते. वहिवाटीच्या रस्त्याचे कोणी आभार मानत नाही.

मी काय ठरवलंय ते या पत्रात लिहिणार नाही. तीस तारखेला अजून वेळ आहे.

९ जुलै

दादा,

पत्रावरचा पत्ता बघून तुला कळलंच असेल. मी वसतिगृहात आहे. खिडकीसमोर सायकली लावायची जागा आहे आणि खोलीतली दुसरी मुलगी झोपेत हिशेब बोलते, ती गणितवाली आहे. वर्ग सुरू झाले. आजच्या तासाला झोपलेल्या बाळाच्या डोक्याला तारा लावून, त्याचा मेंदू आवाज ऐकतो की नाही ते कसं बघायचं, हे दाखवलं. बाळाला काही कळत नाही, त्यामुळे त्याला फसवताही येत नाही. मला फार बरं वाटलं.

होकार मी एकोणतीस तारखेलाच कळवला. शेवटच्या दिवसावर माझा विश्वास उरला नव्हता. बँकेतही जाऊन आले, माझे हप्ते आता थांबलेत. खिडकीतला कारकून म्हणाला, "शिकताय तोवर काळजी नाही, ताई." तुला हे वाक्य ऐकून किती हलकं वाटत असेल ते मला त्या क्षणी समजलं. खरंच हलकं वाटतं. बाहेर येऊन मी पायरीवर बसले आणि तुझ्यावरचा राग पाचेक मिनिटं विसरले. मग आठवला. संध्याकाळी इथल्या दवाखान्यात काम मिळालंय, त्यातून निदान व्याज भरत जाईन, ते वाढू देणार नाही.

आता घरचं. जुलै आणि ऑगस्टचं भाडं भरलेलं आहे. त्यानंतर घरमालक तुला विचारेल, तुझा नंबर त्याला दिलाय. आईची गुडघ्याची गोळी जेवल्यावर, उपाशीपोटी नाही, ती विसरल्याचं सोंग करते. शिवणकाकू दोन्ही वेळा डोकावतात. त्यांनी माझी माफी मागितली, डोळ्यांत पाणी आणून. तुमच्या दोघांच्या आधी त्यांनीच मागितली, हे नमूद करते.

तुझं ग्रंथालयशास्त्र या सोमवारपासून आहे ना? तू तिथे बसायचं की घरी यायचं, ते तू ठरव. येण्याचा आग्रह मी करणार नाही. तुझ्यावर रागवायला आणि तुला समजावायला आता माझ्याकडे रोजचा वेळ नाही. ये म्हटलं आणि तू आलास तर ते पुन्हा माझ्याच खात्यावर पडेल, पोरीने पोराचं शिक्षण मोडलं म्हणून.

निघाले त्या सकाळची गोष्ट सांगायची नव्हती. पण कोणाला तरी सांगायला हवी, आणि मला दुसरा भाऊ नाही.

आई आदल्या दिवसापासून एक शब्द बोलली नव्हती. रिक्षा आली, मी बॅग उचलली. ती दारापर्यंत आली, चौकटीला धरून उभी राहिली. मला वाटलं, आता तरी म्हणेल, नीट राहा, पोचलीस की कळव. तिने माझ्या ओढणीला लागलेला एक धागा काढला आणि विचारलं, "तो येईल ना गं?"

बाबा गेल्यापासून हा प्रश्न ती मलाच विचारते, दादा. तू सुट्टीला येणार असायचास आणि यायचा नाहीस, तेव्हा. फोन करणार असायचास आणि करायचा नाहीस, तेव्हा. पैसे पाठवतो म्हणालास तेव्हाही. आणि दर वेळी मी म्हणायचे, "येईल गं, का नाही येणार? अडकला असेल." तुला न विचारता म्हणायचे. तू खरंच येणार आहेस का ते मला कधीच माहीत नसायचं. पण ते ऐकलं की ती कामाला लागायची, आणि मीही.

या वेळीही ते ओठांवर आलं होतं. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, म्हटलं असतं तर दोन सेकंदांचं काम होतं. मी म्हटलं, "मला माहीत नाही, आई."

तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिच्या घरात पहिल्यांदाच आले आहे. मग ती आत गेली. दार लावलं नाही. मी रिक्षात बसले, आणि वळेपर्यंत मागे बघत होते, ते दार उघडंच होतं.